स्कोप कशाला आहे?

गेल्या रविवारी नाशिकहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. पुतण्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. "सध्या कुठल्या लँग्वेजला स्कोप आहे रे? क्लासवाले जावा म्हणतात, समोरचा मुलगा पायथन म्हणतो. तुझी वहिनी म्हणते, आता सगळं एआयच लिहितं, तर फी भरायचीच कशाला?"

माझ्या वेळी हाच वाद कोबोल आणि सी यांच्यात होता. मी शिकलो पास्कल, कारण पॉलिटेक्निकच्या सिलॅबसमध्ये तीच होती. पास झाल्यावर तिच्यात एक ओळही लिहिली नाही. पुढे नोकरीने स्वित्झर्लंडला आणलं, झुरिकजवळ विंटरथूरला बिऱ्हाड थाटलं, आणि कळलं की पास्कलचे कर्ते निक्लाउस विर्थ याच गावचे. जन्म १९३४ चा. १ जानेवारी २०२४ ला ते गेले.

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात शिक्षण, मग कॅनडा, बर्कलीला डॉक्टरेट, स्टॅनफर्डला प्राध्यापकी, आणि १९६७ मध्ये ते मायदेशी परतले. (आमच्यासारख्या न परतलेल्यांनी या वाक्यावर फार रेंगाळू नये.) अल्गोल भाषेची पुढची आवृत्ती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीत त्यांनी छोटी, नेटकी सुधारणा सुचवली होती. समितीला भव्य काहीतरी हवं होतं. विर्थ बाहेर पडले आणि १९७० मध्ये, वर्गातल्या मुलांना नीट शिकवता यावं म्हणून, पास्कल उभी केली.

पास्कलचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलून देणारा प्रोग्रॅम, पास्कलमध्येच लिहायचा ठरला. पण तो चालवायला आधी कंपायलर नको? मग तो अख्खा प्रोग्रॅम हाताने खालच्या पातळीच्या भाषेत उतरवून काढला, आणि तिथून पुढे कंपायलर स्वतःच स्वतःला कंपाइल करू लागला.

भाषेत खोडी होत्याच. दहा आकड्यांचा ॲरे (यादी) आणि वीस आकड्यांचा ॲरे हे तिच्या लेखी दोन वेगळे टाइप (प्रकार), त्यामुळे यादी क्रमाने लावणारा एकच सॉर्ट दोघांना चालेना. व्हायव्हाला एक्स्टर्नलने मला नेमकं हेच विचारलं आणि मी छताकडे बघत राहिलो.

१९८३ मध्ये बोरलंड कंपनीचं टर्बो पास्कल, म्हणजे पास्कलचा तयार कंपायलर, पन्नास डॉलरच्या आत मिळू लागलं आणि भाषा घरोघरी पोचली. पुढच्या वर्षी विर्थना ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळाला. पण ते कधीच मॉड्युला-२ या पुढच्या भाषेकडे वळले होते, तिच्यासाठी लिलिथ नावाचा संगणकही त्यांनी बांधून घेतला होता. नंतर आणखी एक भाषा, ओबेरॉन. ओबेरॉनपर्यंत येताना त्यांनी घालण्यापेक्षा काढूनच जास्त टाकलं. तिचं अधिकृत वर्णन सोळा-सतरा पानांत मावतं. दादाच्या हिशेबाने स्कोप शून्य: ओबेरॉन येणारा माणूस हवा अशी जाहिरात मी झुरिकमध्येही पाहिलेली नाही. तरी २००९ मध्ये गूगलने आणलेल्या गो भाषेच्या तिघा कर्त्यांपैकी रॉबर्ट ग्रीझमर ईटीएचचेच डॉक्टरेट, आणि गोमध्ये हा वारसा उघड दिसतो.

म्हणून जावा की पायथन या वादात मला रस नाही. पुतण्याने लॅपटॉप कॅमेऱ्याकडे वळवला: टर्बो सी या सीच्या जुनाट कंपायलरची तीच निळी स्क्रीन, नव्याकोऱ्या विंडोजवर जुने प्रोग्रॅम चालवणारं डॉसबॉक्स टाकून चालवलेली. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जुन्या void main ऐवजी प्रमाण सीतलं int main लिहिलं तर जर्नलवर सही मिळत नाही, म्हणाला. विर्थना साधन पटलं नाही तेव्हा त्यांनी दुसरं बनवलं, कारण त्यांच्या हाती कायमची खुर्ची होती, सहायक होते, आणि काय शिकवायचं ते ठरवायचा हक्क होता. श्रीमंत देशाची चैन म्हणा हवं तर. इथे स्वित्झर्लंडमध्येही पहिल्याच वर्षी कितीतरी मुलं गळतात. पण आपल्याकडे शिकवणाऱ्याला सिलॅबसमधली एक ओळ बदलता येत नाही, आणि पुढच्या सत्रात आपण त्या कॉलेजात असू की नाही हेही त्याला ठाऊक नसतं.

दादाला विचारलं, "प्रॅक्टिकल कोण घेतं?"

"आहेत एक मॅडम, तासिका तत्त्वावर. दिवाळीपासून पगार नाही म्हणे त्यांना. ते जाऊ दे, तू स्कोपचं सांग."