जात्याची घरघर म्हणजे ‘नॉइज’ नव्हे

आषाढीच्या आधी मराठवाड्यातल्या छोट्या स्टुडिओंत अभंग-गवळणींच्या रेकॉर्डिंगची रांग लागते. एप्रिलमध्ये भीमगीतं असतात, नवरात्राच्या तोंडावर गोंधळ आणि देवीची गाणी. यातली बरीच गाणी हल्ली पिच करेक्शनमधून, म्हणजे सॉफ्टवेअरनं सूर सरळ करण्यातून, गेल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. ‘ट्यून करून द्या’ असं मंडळंच सांगतात. माझा विरोध सॉफ्टवेअरला नाही. माइकनं, विजेनं, लेन्सनं जे बिघडवलं ते जरूर दुरुस्त करावं. पण गळ्यातून जे आलं किंवा फोटोत टिपलेल्या अजिंठ्याच्या भिंतीवर जे आहे, त्याला हात लावायच्या आधी दहादा विचार करावा, आणि लावलाच तर लोकांना तसं सांगावं.

आधी सुराचं बोलू. सूर आपोआप सरळ करणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलसाठे शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या नोंदींवर काम करत होते. त्याच्या ऑटोमॅटिक पद्धतीत प्रत्येक स्वर सप्तकातल्या बारा ठरलेल्या जागांपैकी जवळच्या जागेवर ओढला जातो. मुद्दाम बदलल्या नाहीत तर या जागा पाश्चात्त्य समान अंतराच्या असतात आणि आपला गंधार तिथं नाही. समजा, बाई पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, म्हणजे पांढरी सहामध्ये, गातेय. सा २२० हर्ट्झ. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार या हिशेबानं २७५ हर्ट्झवर बसतो. सॉफ्टवेअर तो ओढून २७७.१८ वर नेतं. फरक दोनच हर्ट्झचा दिसतो, पण त्याच स्वरात दडलेल्या वरच्या सप्तकातल्या स्वरांशांत तो दुप्पट होतो आणि सेकंदाला चारेक वेळा आवाज कमी-जास्त होऊ लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं तंबोरा बेसूर आहे. मग तंबोरा मिक्समध्ये दाबला जातो. म्हणजे चूक केली सॉफ्टवेअरनं आणि आवाज गेला तंबोऱ्याचा.

मींडेचं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याचं, याहून वाईट होतं. रिट्यून स्पीड (सॉफ्टवेअर स्वर किती झटक्यात ओढतं ते) शून्यावर, म्हणजे सर्वांत झटपट, ठेवला की रे-ग मधली घसरण पायऱ्या-पायऱ्यांची होते. भैरव रागातल्या कोमल ऋषभाचं आंदोलन, म्हणजे संथ झुलणं, सपाट होतं. अशा वेळी ऑटोमॅटिक पद्धत बंद करून पडद्यावर दिसणाऱ्या सुरांच्या आलेखावर हातानं काम करावं. मेलोडाइन या सॉफ्टवेअरमध्ये स्वराचं केंद्र, त्याचं हळूहळू सरकणं आणि त्यातला कंप या तिन्ही गोष्टी वेगळ्या हाताळता येतात. खरोखर चुकलेल्या एका स्वराचं फक्त केंद्र सरकवा, बाकीच्या दोन्हींना हात लावू नका. स्वर कापताना मींडेच्या मधोमध कधीच कापू नका. आणि सगळ्यात आधी गायकाला दुसरा टेक घ्यायला सांगा. पाच मिनिटांच्या टेकनं जे काम होतं त्यासाठी तासभर माउस कशाला चालवायचा?

समूहगायनात तर ट्यूनिंग वर्ज्यच मानावं. शाहीर वर चढतो तेव्हा मागून साथ गाणाऱ्या झीलकऱ्यांचा सूर त्याच्यापेक्षा किंचित खाली-वर असतो, उच्चार थोडे पुढे-मागे असतात. चार गळे आहेत हे कानाला कळतं ते त्यामुळेच. चारही आवाज एकाच रेषेवर आणले की एकच माणूस चारदा चिकटवल्यासारखा वाटतो. भीमगीतांतला जोश असाच मारला जातो, आणि मला ते फार लागतं. लयीचीही तीच गत. भजन चढत जातं, ते क्लिकवर, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या टिकटिकीवर, बांधून ठेवायचं नसतं.

यावर कुणी म्हणेल, पेटीसुद्धा समान अंतराचीच, तिलाही मींड येत नाही. खरं आहे. याच कारणांसाठी आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीन दशकं टिकली. पण पेटी गायकाच्या शेजारी वाजते, ती गायकाचा गळा बदलत नाही.

आता नॉइज. विजेची गुंज ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत, १०० आणि १५० वर येते. ती काढावीच, पण फिल्टर अगदी अरुंद, म्हणजे तेवढाच सूर कापणारा, ठेवून. १५० वर रुंद फिल्टर लावला तर पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा, जो १४६.८ वर आहे, तोच पोखरला जातो, आणि ५०-१०० वर पखवाजाची धुम पोकळ होते. आपोआप चालणारं नॉइज रिडक्शन अखंड, न बदलणाऱ्या आवाजाला कचरा समजतं. म्हणून फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये एकतारीची अखंड साथ विरते, गाणं थांबलं की तंबोरा गायब होतो. जात्यावरच्या ओवीत हे फार घातक आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ साली अशा ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आजही कुणी आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या टिपत असेल तर जात्याची घरघर काढू नका. ओवीची लय त्या फेऱ्यावर चालते.

फोटोकडे वळतो, आणि तेही अजिंठ्याकडे, कारण आपल्याकडचे सर्वांत जास्त रंगवलेले फोटो तिथलेच फिरतात. फ्लॅशला बंदी आहे, उजेड कमी, म्हणून फोन अनेक फ्रेम एकत्र करतो आणि दाणेदारपणा पुसतो. त्याबरोबर रंगाचे पोपडे, तडे, बारीक रेघाही पुसल्या जातात. वरून शार्पनिंग नसलेल्या कडा काढतं. मग सॅच्युरेशन वाढवून निळा असा पेटवला जातो की प्रत्यक्ष गेलेला माणूस हिरमुसतो.

शक्य असेल तर रॉ फाइल, म्हणजे फोननं प्रक्रिया न केलेला फोटो, घ्या आणि पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड ठेवा, म्हणजे दिव्यांचा पिवळेपणा नंतर मोजून काढता येतो. मात्र सगळा पिवळेपणा दिव्यांचा नसतो. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं वॉर्निश चढवलं, ते पुढे पिवळं पडलं. तो थर भिंतीवर आहे. स्लायडरनं तो घालवलात तर ‘रंग अंदाजानं बदलले’ असं खाली लिहा. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. उरलेल्या नकला आणि जुने फोटो पाहूनच कुठला रंग कधी गळाला हे कळतं. पन्नास वर्षांनी आपले फोटो त्याच कामी येणार आहेत.

शेताच्या नुकसानीचे फोटोही लोक नकळत बिघडवतात. एडिटिंगमधली क्लॅरिटी (कडा ठळक करणारा स्लायडर) वाढवली की भेगा खोल दिसतात, आणि खरं नुकसान झालेलं असूनही शंका घेतली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ-जागेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फोटो फोनमध्ये राहू द्या.

गाण्याचंही तसंच, मूळ जपा. रेकॉर्डिंगची सेटिंग अशी ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल; सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी लागतो, म्हणजे रात्रभराचा गोंधळ आठ-दहा जीबीत मावतो. त्यावर काहीही करण्याआधी प्रत काढा आणि काम प्रतीवरच करा. यूट्यूबच्या वर्णनात दोन ओळी पुरतात: ‘विजेची गुंज काढली. तिसऱ्या कडव्यात एक स्वर सरकवला.’ मूळ फाइलची एक प्रत स्टुडिओत ठेवा, दुसरी मंडळाला द्या. गाणं त्यांचं आहे.