खुलासा : मुठेल चोपडल्याने भाजल्याचा डाग टळत नाही

‘भाजल्यावर लगेच मुठेल चोपडा, आठ दिवसांत डागही राहणार नाही,’ असा मेसेज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर फिरतोय (मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल). हा मेसेज चुकीचा आहे.

भेगाळलेल्या टाचांना मुठेल उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. ताज्या भाजल्यावर मात्र आधी २० मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फही नको. तेलाच्या थराने उष्णता आत कोंडते, शिवाय डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही.

डाग राहणार की नाही, हे भाजणं किती खोल आहे त्यावर ठरतं. वरवरचं भाजलेलं साधारण दोन-तीन आठवड्यांत भरतं, कारण केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींतून नवी त्वचा येते. रंगाचा फरक काही महिने राहू शकतो. त्या पेशीच जळाल्या तर जखम फक्त कडांकडून भरते. व्रण जाड होतो, खाजतो आणि सांध्यावर असला तर आखडतो. तो मऊ पडायला वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर दाबाचे घट्ट कपडे, व्यायाम, मालिश. (मालिशीला मुठेल हवंच असेल तर जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून.)

खोल व्रणातून घामही येत नाही. त्यामुळे अंगाचा बराच भाग भाजलेल्या माणसाला वैशाखातला आपला दमट उकाडा इतरांपेक्षा कितीतरी जास्त बाधतो; त्याला भर दुपारी काजूच्या बागेत नेऊ नका.