विशेष शिक्षक किती मुलांमागे? फिरत्या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सामान्य शाळेत दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षक नेमणं ही उधळपट्टी आहे. वर्गात अशी मुलं जेमतेम एक-दोन असतात. त्यांच्यासाठी विशेष शाळा आहेत. फारच वाटलं तर आठ शाळांत मिळून एक शिक्षक पुरे. मदतही दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांनाच द्यावी, नाहीतर इतरांचा अभ्यास बुडतो.

आधी ‘एक-दोन मुलं’. व्हीलचेअर आणि श्रवणयंत्र मोजलं तर तेवढीच दिसतील. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले आणि त्यात स्वमग्नता व अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आल्या. पाचवीतलं एखादं मूल गोष्ट तोंडी रंगवून सांगतं, पण लिहायला बसलं की काना-मात्रा गळतात, जोडाक्षरापाशी अडतं. शाळेत त्याला आळशी म्हणतात. या मोजणीत ते कुठेच नसतं.

प्रमाणपत्राची अट तर मला सगळ्यात घातक वाटते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं. म्हणजे साधारण तिसरी. पहिली-दुसरीत, अक्षर आणि आवाज यांची सांगड बसते तेव्हा, मदत नाकारायची आणि मूल पुरतं मागे पडल्यावर कागद मागायचा! शिवाय तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात हेलपाटे घालायचे तर रोजंदारीवरच्या आईबापांचा दिवस बुडतो. प्रमाणपत्र परीक्षेतल्या सवलतींसाठी लागतं, ते लागूच दे. पण वर्गशिक्षिकेला अडचण दिसली त्या आठवड्यापासून वाचनाची मदत सुरू करायला कागद कशाला हवा?

आता आठ शाळांना एक शिक्षक. आठवड्याचे कामाचे दिवस सहा, म्हणजे एका शाळेच्या वाट्याला पुरता दिवसही येत नाही. त्यातून प्रवास, शिबिरं, फॉर्म आणि माहिती भरणं वजा करा. वाचनात अडलेल्या मुलाला रोज थोडा वेळ सराव लागतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटणारी ताई त्याची वही तपासू शकते, त्याला वाचायला शिकवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. हे प्रमाण मुलांमागे आहे, इमारतींमागे नाही. मार्च २०२५मध्ये याच प्रकरणात न्यायालयाने राज्यांना पदं मंजूर करून भरायला सांगितलं. नुसता बी.एड. शिक्षक या पदावर चालत नाही. विशेष शिक्षणाची पदवी किंवा पदविका आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते.

विशेष शाळांचं काम मोठं आहे. वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र कितीतरी घरांचा आधार आहे. पण दिघ्याच्या मुलाने रोज वाशी गाठावी, हा पर्याय सक्तीचा कसा? कायद्याच्या कलम ३१नुसार ६ ते १८ वयाच्या, ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड मुलाची आहे, शाळेची नाही.

इतरांचा अभ्यास बुडतो म्हणता, तर तो बुडतो कधी? चाळीस मुलांच्या वर्गात बाई एकट्या असतात तेव्हा. विशेष शिक्षिका धड्याची सोपी आवृत्ती, चित्रकार्डं, गटांची आखणी बाईंसोबत करते, आणि त्यातली बरीचशी रीत वर्गातल्या इतर कच्च्या मुलांनाही उपयोगी पडते.

हा मेसेज पुढे पाठवण्याआधी पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारावं. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. आपल्या शाळेत अशी मुलं किती नोंदली आहेत, विशेष शिक्षक कोणत्या वारी येतात, प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष किती मिनिटं मिळतात, आणि प्रमाणपत्र नसलेल्यांचं काय होतं? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत.