डिझेलच्या टाकीत १०० नंबर पेट्रोल घालायला सांगणाऱ्यांनो

खानापूर-बेळगावकडच्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: ऑक्टेनचा नंबर म्हणजे पेट्रोलची ताकद, नंबर वाढला की ॲव्हरेज वाढतं. अमेरिकेत पिकअपवाले ९३ च्या खाली हात लावत नाहीत. कर्नाटकातलं पेट्रोल निखळ, कागलच्या पलीकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं, इथेनॉलवालं (उसापासून बनणारं अल्कोहोल मिसळलेलं). आणि सगळ्यावर कळस म्हणजे, डिझेल पिकअपच्या टाकीत दोन लिटर १०० नंबर पेट्रोल घाला, चोर्ला घाट हसत चढेल.

एरवी मी वाचून पुढे गेलो असतो. पण आमचे दाजी बोलेरो पिकअपनं गोव्याला भाजी नेतात, आणि त्यांचा फोन आला, "गाडी चढाला दमतीया, घालून बघू काय?" म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो.

दाजी, अजिबात नको. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून दाबून इतकी तापवतात की डिझेलचा फवारा आत पडताच आपोआप पेटतो. ते किती चटकन पेटतं, याचा आकडा म्हणजे सीटेन. बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांतल्या) डिझेलला तो किमान ५१ लागतो. ऑक्टेन नेमका उलटा आकडा आहे: दाबाखाली आपोआप पेटायला इंधन किती नकार देतं, हे तो सांगतो. म्हणजे डिझेलमध्ये घालायला पेट्रोलच हवं असेल, तर १०० नंबरवालं त्यातलं सगळ्यात वाईट!

हे झालं जळण्याचं. खरा खर्च पुढे आहे. कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या रचनेचा, पंप हजार बारच्या वर दाब देतो आणि त्याच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोल हे वंगण पातळ करतं. पंप आतून घासला की धातूचा बारीक चुरा रेलमधून थेट इंजेक्टरात जातो. मग पंप, इंजेक्टर, टाकीची सफाई, सगळंच आलं. चुकीचं इंधन म्हणून वॉरंटीही हात वर करते. शिवाय आगीची भीती. डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीनं वाफ पेटू शकेल असं तापमान, आपल्याकडे किमान ३५ अंश धरलाय, पेट्रोलचा शून्याखाली चाळीसच्या आसपास. चुकून पेट्रोल पडलंच, तर किल्लीही फिरवू नका. गाडी ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

हे खूळ आलं कुठून, ते मात्र ठाऊक आहे. युरोपात जुन्या डिझेल गाड्यांत कडाक्याच्या थंडीत डिझेलमध्ये मेण धरू नये म्हणून थोडं पेट्रोल किंवा रॉकेल मिसळायची मुभा असे. ती इंजिनं वेगळी होती, आणि जांबोटीला बर्फही पडत नाही.

आता नंबर म्हणजे ताकद हा मुद्दा. याचं उत्तर आपल्या उसातच आहे. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये इथेनॉलवरच्या आक्षेपांना उत्तर देताना सांगितलं, की बीएस-६ चं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, २० टक्के इथेनॉलमुळे ते ९५ झालं. नंबर चारनं वाढला. ॲव्हरेज वाढलं का? लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ते थोडं घटतंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, जुन्या पद्धतीच्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट होईल, असं लिहिलंय. मेसेजवाल्यानं हे एकदा वाचावं.

अमेरिकेचं म्हणाल, तर तिथल्या पंपावरचा ८७ हा दोन चाचण्यांच्या सरासरीचा आकडा. आपल्या मोजमापानं तो ९१-९२ भरतो, आणि तिकडच्या बहुतेक पिकअपना तेवढा पुरतो. तिथल्याच ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेनं २०१६ मध्ये प्रयोगशाळेत तपासलं: साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत प्रीमियम (जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल) घातलं तर ना ताकद वाढते, ना ॲव्हरेज. अशा बिनकामाच्या प्रीमियमवर अमेरिकनांनी वर्षात २.१ अब्ज डॉलर उडवल्याचा त्यांचा अंदाज होता.

एवढं मान्य करतो, की टर्बो (जादा हवा दाबून भरणाऱ्या) पेट्रोल इंजिनाला जड ओझं ओढताना जास्त ऑक्टेनचा फायदा होऊ शकतो. फोर्डच काही टर्बो पिकअपना जड ट्रेलर ओढताना प्रीमियम सुचवते. प्रीमियममधली साफ करणारी रसायनंही अगदीच थाप नव्हे. पण आपल्याकडची टाटा एस गोल्ड पेट्रोल किंवा सुपर कॅरी यांत टर्बो नाही. त्यांच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच इंधन घाला. चढाला इंजिन खटखटत असेल तर आधी प्लग, कूलंट आणि हौद्यातलं वजन बघा.

राहिला कागलचा मुद्दा. इथेनॉल मिसळणं केंद्राचं धोरण, निपाणीलाही तेच आणि कागललाही तेच. निपाणी-चिकोडीकडे इतके साखर कारखाने असताना इथलं पेट्रोल इथेनॉलविना असेल, हे सुचलं तरी कुणाला?

आणि दाजी, बोलेरो दमते त्याला एअर फिल्टर, डिझेल फिल्टर किंवा टर्बोचा फाटका होज कारण असू शकतं. उद्या गाडी मेस्त्रीकडे लावा, आणि क्रेट जरा कमी भरा.