इंजेक्शनचा गुण कोणाला येणार हे आधी कळेल का?
एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की ओसीटी स्कॅन (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचा फोटो) बघून कॉम्प्युटर सांगेल वेट एएमडीच्या (वयामुळे पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाणी गळतं, तो आजार) कोणत्या पेशंटला डोळ्यातल्या इंजेक्शनचा गुण येईल. वाचून बरं वाटलं, कारण माझ्या आईच्या उजव्या डोळ्याचं हेच चाललंय, दाराची चौकट वाकडी दिसायला लागली तेव्हा लक्षात आलं, आणि आम्ही मोतीबिंदू समजून तीन महिने घालवले त्याचं अजून वाईट वाटतं.

पण एक गोष्ट लेखात यायला हवी होती. अमेरिकेतल्या कॅट ट्रायलमध्ये (या आजाराच्या दोन इंजेक्शनांची तुलना, २०११ ला पहिले निकाल आले, ल्युसेंटिस आणि स्वस्तातलं अव्हास्टिन वर्षभरात जवळपास सारखंच ठरलं) दिसलं की वय जास्त किंवा पडद्याखालचं रक्तवाहिन्यांचं जाळं मोठं असेल तर सुधारणा कमी होते. आणि ज्यांची नजर सुरुवातीला चांगली त्यांची चार्टवर वाचता येणारी अक्षरं कमी वाढतात, कारण वाढायला जागाच कमी, पण शेवटी चांगलं दिसतं त्यांनाच! मग "गुण आला" म्हणायचं कशाला, वाढलेल्या अक्षरांना की टिकलेल्या नजरेला? आईला पहिल्या तीन इंजेक्शननंतर चार्टवर एकच ओळ जास्त वाचता आली, मी नाराज झाले, डॉक्टर म्हणाले अहो पडद्यातलं पाणी सुकलंय, हे चांगलंय. सीएफएच जीनचं पण खूप ऐकलं होतं, आजाराचा धोका त्याने वाढतो हे खरं, पण कॅटमध्ये इंजेक्शनच्या परिणामाशी त्याचा संबंध दिसला नाही, त्यामुळे त्यासाठी महागडी टेस्ट करू नका प्लीज. आणि कॉम्प्युटरने "गुण येणार नाही" सांगितलं म्हणून कोणाचं इंजेक्शन थांबवू नये, एवढीच मला भीती वाटते.