पान्याला हात न लावलेल्याचं उत्तर

नमस्कार. नाव दिलं नाहीत, म्हणून नुसताच नमस्कार.

जुन्या ट्रकचं इंजिन थोडं पाझरतंय म्हणून लगेच उघडायला घेऊ नका, आधी कुठून आणि किती ते बघा, एवढंच मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर आपण लिहिलंत, "किरकोळ गळती असं काही नसतं. ज्यांनी कधी पान्याला हात लावला नाही असे लोक मालकांना फुकटचा धीर देतात आणि मग घाटात गाड्या पेटतात." पुढे क्लच, पावसात रस्त्यावर सांडणारं तेल, त्यावरून घसरणारे दुचाकीवाले, असल्या गाड्या रस्त्यावर येतातच कशा, आणि मधूनमधून 'तुमच्यासारखे'.

मान्य करायचं ते आधी करून टाकतो. लेखातला टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाचा, फोटो धूसर होता. पाझर कुठला आणि सावली कुठली, कळत नाही. बदलतो.

आता पान्याबद्दल.

माझ्या वडिलांची चिऱ्याची, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड वाहणारी, गाडी होती. चिरा भरून साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत कोल्हापूर, येताना मिळेल ते भाडं. शाळेला सुट्टी असली की चेंबरचे (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे) बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे आणि जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडायचं ही कामं माझी. त्या ब्लेडचा व्रण अंगठ्यावर आहे. हवा तर त्याचा फोटो टाकतो, तो धूसर येणार नाही याची काळजी घेईन.

त्याच गाडीला फ्लायव्हील हाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाखाली, थेंब दिसायला लागले. एका गॅरेजवाल्याने बघताक्षणी निकाल दिला, मागचं क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारी रबरी कडी, गेलं. बाबांनी तुमच्यासारखाच विचार केला, गळती म्हणजे गळती. (बघा, 'तुमच्यासारखा' मलाही म्हणता येतं.) गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, सील नवीन घातलं. ऐन एप्रिलात, आंब्याच्या पेट्यांची भाडी दुसऱ्यांच्या गाड्यांत जात असताना आमची गाडी जॅकवर. काम झालं, गाडी घाट चढून आली आणि थेंब परत तिथेच.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी काय केलं, तर सीलकडे बघितलंसुद्धा नाही. ब्रीदरचा पाइप काढला आणि आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते काळ्या, चिकट लोण्यात बुडवल्यासारखं. आतल्या जाळीला भोकंच उरली नव्हती. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला गॅस पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतो, आणि भरल्या गाडीने चढ घेताना तो जास्त उतरतो. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. ती बुजली की आत दाब वाढतो आणि जे सील सगळ्यात कमजोर असेल तिथून तेल बाहेर रेटलं जातं. सील कितीही नवं घाला, दाब आहे तोवर ते रडणारच. ब्रीदर डिझेलने धुतला आणि थेंब जवळजवळ थांबले. खर्च विचाराल तर चहा.

म्हणून मी 'आधी बघा' म्हणतो. तेल टपकतं तिथेच गळतं असं नाही. टॅपेट कव्हरमधून निघालेलं तेल ब्लॉकवरून ओघळत, वाऱ्याने मागे सरकत हाउसिंगखाली येऊन पडतं. त्यावर आपल्याकडची तांबडी धूळ बसली की सगळं इंजिन एकाच रंगाचं. ते धुवा, कोरडं करा, संशय असेल तिथे खडूची पूड मारा आणि गाडी एक फेरी फिरवून आणा. पांढऱ्यावर ओली रेघ जिथून सुरू होते तिथे रोग. याला पानासुद्धा लागत नाही, त्यामुळे माझ्यासारख्यालाही जमतं. उलट पाना घेऊन टॅपेट कव्हर आवळत सुटलात तर पत्रा वाकतो आणि पाझराची धार होते. वर सिलिकॉन थापलंत तर आत गेलेला जादा भाग सुटून चेंबरमधल्या तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतो. मग ऑइलचं प्रेशर पडतं आणि जातात ती बेअरिंगं.

किती गळतंय, हेही मोजा. पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला साठेक मिलिलिटर, महिन्याला पावणेदोन लिटर. हे किरकोळ नाही, आणि मी ते किरकोळ म्हटलेलंही नाही. किरकोळ म्हणजे ओलसरपणा, ज्याचा थेंब होत नाही आणि ज्याने तेल मोजायच्या पट्टीवरची पातळी हलत नाही.

गाड्या पेटतात, हो. डिझेलच्या पाइपाने, वायरिंगच्या शॉर्टने, उतारावर तापलेल्या ब्रेकनेही पेटतात. आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा टर्बो अशा धुराने तापणाऱ्या भागांवर तेल पडत असेल तर गाडी जागची हलवू नका, हे लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत आपण पोचला नसाल, घाईत होता.

क्लच प्लेटला तेल लागलं तर ती सरकते, कुणी नाही म्हटलंय? रस्त्यावरच्या तेलाचा विषय वेगळा, रस्त्यावर सांडतं ते सगळं इंजिनाचंच नसतं. त्यावर कधीतरी लिहीन. गाड्या रस्त्यावर येतात कशा, हे मला कशाला विचारता? आठ वर्षांवरची मालाची गाडी दरवर्षी फिटनेसच्या तपासणीला जाते, तिथे विचारा.

आपली स्वतःची गाडी गळत असेल तर ब्रीदर काढून बघा आणि काय निघालं ते इथेच लिहा. 'तुमच्यासारखे' वगळून लिहिलंत तर उत्तर त्याच दिवशी मिळेल.