सीए इंटरला सव्वा लाखाची पुस्तकं लागत नाहीत

गेल्या महिन्यात बार्शीहून आतेभावाचा फोन आला. मुलगी सीए फाउंडेशन पास झाली, पेढे खायला ये, असं म्हणता म्हणता गाडी मुद्द्यावर आली. "ताई, तुला एक मेसेज पाठवलाय, बघ जरा. एवढे पैसे भरावेच लागतात का गं?" किराणा दुकान आहे त्याचं. आकडा ऐकून तो घाबरला नव्हता, पण कुठल्या व्यापाऱ्याचं देणं लांबवता येईल याचा हिशोब डोक्यात सुरू झालेला आवाजावरून कळत होता.

मेसेज तुमच्याही फोनवर कुठल्या ना कुठल्या रूपात येऊन गेला असेल. त्याचा सारांश असा: परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं मटेरियल कुणी वाचत नाही. इंटरच्या, म्हणजे फाउंडेशन आणि फायनलच्या मधल्या परीक्षेच्या, सहाही विषयांचे नामवंत क्लास आणि त्यांचीच नवी कोरी पुस्तकं घ्या, सव्वा लाख धरून चाला. मराठी मीडियमवाल्यांना तर क्लासशिवाय शक्यच नाही. जुनं पुस्तक घेतलं की अटेम्प्ट गेला म्हणून समजा. टेस्ट सिरीजही विकतच घ्या. परवडत नसेल तर टेलिग्रामवर सगळं फुकट आहे. आणि शेवटी, पास झाल्यावर दोन-तीन पगारांत पैसे वसूल होतात.

मी सीए आहे, सोलापुरात प्रॅक्टिस करते. ऑफिसात दोन-तीन आर्टिकल, म्हणजे सीए शिकता शिकता काम करणारी पोरं, असतातच, त्यामुळे कोण काय विकत घेतं आणि त्यातलं किती उघडतं हे रोज बघते. या मेसेजमधलं एकेक वाक्य घेते.

"संस्थेचं मटेरियल कुणी वाचत नाही." हे वाक्य मी आर्टिकलशिपला असतानाही ऐकलं होतं, आणि बोलणाऱ्याच्या टेबलावर तेव्हाही संस्थेचंच मॉड्यूल, म्हणजे अभ्यासाचं पुस्तक, पडलेलं होतं. परीक्षा घेणारी संस्था एकच: १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली आयसीएआय. प्रश्नपत्रिका तिची, तपासणी तिची, आणि अभ्यासाचं साहित्य काढणारं बोर्ड ऑफ स्टडीजही तिचंच. हे साहित्य संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. नुसती मॉड्यूल नव्हेत. दर अटेम्प्टआधी निघणारी उजळणीची पुस्तिका म्हणजे आरटीपी, सराव प्रश्नपत्रिका म्हणजे एमटीपी, मागच्या परीक्षांची सजेस्टेड उत्तरं आणि एमसीक्यूच्या, म्हणजे पर्यायी प्रश्नांच्या, सरावासाठी केस सिनारिओच्या पुस्तिका, सगळं तिथेच आहे. शिवाय बोर्ड ऑफ स्टडीज लाइव्ह कोचिंगचे वर्गही ऑनलाइन घेतं, तेही फुकट. सव्वा लाखवाल्या मेसेजमध्ये याचा शब्दही नाही.

मॉड्यूल जाड असतं, हे मान्य. एकेका विषयाचे दोन-तीन भाग आणि भाषा कोरडी. पण त्याची बांधणी एकदा हाताला बसली की जाडी निम्मी होते. प्रकरणात मधेमधे उदाहरणं सोडवलेली असतात आणि शेवटी 'टेस्ट युवर नॉलेज' असतं, उत्तरांसकट. अकाउंट्स आणि कॉस्टिंगला मी पोरांना सांगते की आधी उत्तर झाकून उदाहरण सोडवा, मग वरचा मजकूर वाचा. उलट्या क्रमाने वाचलं तर तीन दिवसांत झोप येते.

क्लासच्या नोट्स आटोपशीर असतात, आणि तिथेच एक अडचण आहे. ऑडिटला त्या आद्याक्षरांचे कोड देतात. सात मुद्द्यांची सात अक्षरं जोडून काहीतरी विनोदी शब्द तयार करायचा. परीक्षेत तो शब्द आठवतो, दुसऱ्या अक्षरापुढचं वाक्य आठवत नाही. माझ्या एका आर्टिकलने ऑडिटच्या उत्तरात आठ मुद्दे लिहिले होते, प्रत्येक दीड शब्दाचा. मार्क आले ३४. पुढच्या वेळी तोच पोरगा मॉड्यूलमधली वाक्यं वाचून गेला आणि त्याला एक्झम्प्शन मिळालं, म्हणजे ६० किंवा त्याहून जास्त मार्क. एका मुलावरून नियम काढत नाही, पण संस्थेच्या सजेस्टेड उत्तरांची भाषा मॉड्यूलशी मिळतीजुळती असते, हे ती उघडून कुणीही बघावं.

आता मराठी मीडियमचं. मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण मी स्वतः दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग गावच्या हायस्कुलात शिकले. अडचण खरी आहे. इंटर आणि फायनलचा पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. संस्थेचं साहित्यही त्या दोनच भाषांत. पण यावर क्लास हा उपाय कसा? बहुतेक नामवंत लेक्चर हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत असतात. ऐकताना सगळं समजतं आणि लिहायला बसलं की कोरा कागद. समजायची भाषा एक आणि लिहायची दुसरी, हे अंतर ऐकून मिटत नाही. ते वाचून आणि लिहूनच मिटतं.

पेढे खायला गेले तेव्हा भाचीला मी एक गोष्ट करून दाखवली. ऑडिटमधलं एसए ५७० हे मानक, 'गोइंग कन्सर्न'. धंदा पुढे चालू राहील की नाही याची शंका कधी घ्यायची, याची लक्षणं त्यात तीन गटांत दिली आहेत: आर्थिक, कामकाजाची आणि इतर. तिला म्हटलं, पुस्तक मिट. आपल्या सोलापूरचा एखादा यंत्रमाग कारखाना डोळ्यांसमोर आण आणि मला सांग, हा बंद पडणार हे तुला बाहेरून कसं कळेल? ती पटापट बोलायला लागली. सुताच्या व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर जात नाहीत. बँक नवीन कर्ज देत नाही. मोठं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. जुना मॅनेजर सोडून गेला आणि जागा भरली नाही. कामगारांचा संप. कोर्टात मोठी केस. मग मॉड्यूल उघडलं. यातलं जवळपास सगळं तिथे होतं, इंग्रजी वाक्यांत. तिने प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलने मराठीत एकेक शब्द लिहिला: सूत, बँक, गिऱ्हाईक, मॅनेजर, संप, कोर्ट. मग पुस्तक बंद करून तीच वाक्यं इंग्रजीत लिहिली. दोन ठिकाणी व्याकरण घसरलं, मुद्दा एकही सुटला नाही. पाऊण तास गेला. खर्च शून्य. दुकानात बसून उधारीच्या वह्या बघितलेल्या पोरीला 'ऑपरेटिंग इंडिकेटर' शिकवायला कुणी मुंबईहून यायची गरज नसते.

"जुनं पुस्तक घेतलं की अटेम्प्ट गेला." या वाक्यात खऱ्याचा एक मोठा तुकडा आहे. म्हणून तर ते खपतं. त्यामुळे यावर थोडं थांबते.

कर आणि कायदा या विषयांत जुनं पुस्तक खरोखर घात करतं. इंटरच्या टॅक्सेशनला ५० मार्कांचा आयकर आणि ५० मार्कांचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर मुख्यतः ५ आणि १८ टक्के अशा दोन टप्प्यांत आले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, आणि 'मागील वर्ष' व 'आकारणी वर्ष' ही पिढ्यान्‌पिढ्या घोकलेली जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. अशा वेळी दोन वर्षांपूर्वीचं टॅक्सचं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका. कुठल्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कुठपर्यंतच्या सुधारणा लागू, हे संस्थेच्या घोषणेत आणि आरटीपीत दिलेलं असतं. तेच प्रमाण. क्लासचा एजंट फोनवर काय सांगतो ते नव्हे.

पण कॉस्टिंग? मार्जिनल कॉस्टिंग, प्रोसेस कॉस्टिंग, स्टँडर्ड कॉस्टिंगचे व्हेरिअन्स काही संसदेच्या अधिवेशनावर अवलंबून नसतात. फायनान्शियल मॅनेजमेंटमधला (एफएम) कॅपिटल बजेटिंगचा हिशोब अर्थसंकल्पाने बदलत नाही. या विषयांचं चांगलं जुनं पुस्तक पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर निम्म्याहून कमी किमतीत मिळून जातं. नाहीतर अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा. नुकताच पास झालेला कुणीतरी ओझं उतरवायला तयारच असतो.

घेताना मात्र एक फसगत टाळा. मुखपृष्ठावर 'न्यू कोर्स' किंवा 'न्यू सिलॅबस' लिहिलेलं असलं की पोरं खूश होतात. तो 'न्यू' बऱ्याचदा २०१७ च्या योजनेचा असतो. सध्याची योजना १ जुलै २०२३ पासूनची, तिची पहिली परीक्षा मे २०२४ ला झाली. जुन्या योजनेत इंटरला आठ पेपर होते, आता सहा. फायनलचंही तसंच, आठाचे सहा. तेव्हा फायनलच्या पुस्तकावर 'एसएफएम' दिसलं की ते जुनं, आता त्या पेपरचं नाव 'एएफएम'. इंटरला 'अकाउंटिंग' आणि 'ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग' अशी दोन वेगळी पुस्तकं दिसली, तर तीही जुनी. धडे बरेचसे तेच असतात, पण काय वगळलं आणि काय नवीन आलं हे संस्थेच्या अनुक्रमणिकेशी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मोबाइलवर अनुक्रमणिका उघडा, पुस्तक हातात धरा, दुकानदार कुरकुरला तरी दहा मिनिटं तिथेच उभे राहा.

माझा स्वतःचा घाटा नव्या पुस्तकात झाला होता, जुन्यात नाही. शिकत असताना एका नावाजलेल्या क्लासचा टॅक्सचा कोरा संच घेतला, प्लास्टिकच्या वेष्टनातला. आत मजकूर मागच्या वर्षीचा आणि सुरुवातीला आठ पानांची अमेंडमेंटची पुरवणी चिकटवलेली. वेष्टन नवं होतं, एवढंच.

टेलिग्रामचा मुद्दा एका परिच्छेदात संपवते. दुसऱ्याचं विकत मिळणारं पुस्तक स्कॅन करून वाटणं ही चोरी आहे, कॉपीराइटचा कायदा आहे. आणि ज्या इंटरच्या पाचव्या पेपरचं नावच 'ऑडिटिंग अँड एथिक्स' आहे, तो चोरीच्या पीडीएफवरून वाचणं हा विनोद मला तरी हसवत नाही. तेही सोडा. त्या फायलींत मधली पानं गायब असतात आणि आवृत्ती कुठली ते कळत नाही. जे कायदेशीररीत्या फुकट आहे ते सोडून जे चोरून फुकट आहे त्याच्या मागे धावायचं, हे गणित मला कधीच सुटलं नाही.

टेस्ट सिरीज. इथे मी निम्मी मेसेजच्या बाजूची आहे. लिहून तपासून घेण्याला पर्याय नाही, आणि स्वतःचा पेपर स्वतः तपासताना माणूस फार दयाळू होतो. पण सहाही विषयांची घेऊ नका. संस्थेच्या एमटीपी आणि मागच्या सजेस्टेडवर तीन तास घड्याळ लावून बसा. इंटरला ३० मार्कांचे एमसीक्यू असतात आणि त्यांना निगेटिव्ह मार्किंग नाही, ते स्वतःचे स्वतः मोजता येतात. उरलेल्या ७० च्या लेखी भागासाठी अभ्यासिकेतल्या दोघांनी एकमेकांचे पेपर तपासावेत. ज्या एखाद्या विषयात दोनदा ४० च्या खाली अडकलात त्याचीच तपासून मिळणारी सिरीज विकत घ्या, ते पैसे मी वाया म्हणणार नाही. तसंच एखादा विषय मॉड्यूलमधून खरोखरच डोक्यात शिरत नसेल, तर त्या एका विषयाचा क्लासही लावा. त्यातही लेक्चर किती वेळा बघता येणार आणि मुदत कुठपर्यंत, हे आधी विचारा. अटेम्प्ट पुढे गेला आणि मुदत आधीच संपली, असं झालेली दोन पोरं माझ्याच ऑफिसात आहेत.

राहिलं ते 'दोन-तीन पगारांत वसूल'. मे २०२४ च्या फायनलला दोन्ही ग्रुप, म्हणजे सहाही पेपर, एकदम दिलेल्यांपैकी १९.८८ टक्के पास झाले. उरलेल्या ऐंशी टक्क्यांकडे काय पुस्तकं नव्हती? वसुलीचा हिशोब मांडणाऱ्याने तो पास होणाऱ्याच्याच पगारावर मांडलेला असतो. बार्शीच्या दुकानातून गेलेले सव्वा लाख मुलगी पास होवो न होवो, जातातच.

आतेभावाला मी शेवटी कागदावर लिहून दिलं. नोंदणीची फी, ती टळत नाही. सहाही विषयांची मॉड्यूल संस्थेचीच. कॉस्टिंग आणि एफएमला जुनं पुस्तक, अनुक्रमणिका ताडून. टॅक्सला सध्या वेगळं काही नाही, आरटीपी आली की ती छापून घ्यायची, झेरॉक्सवाला पानाला रुपया घेतो. क्लास एकही नाही, पहिल्या एमटीपीचे मार्क बघून मग बोलू. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "एवढंच? मग तो मेसेज कुणी लिहिला असेल गं?"

भाची म्हणाली, "बाबा, खाली ॲडमिशनसाठी नंबर दिलाय की."